दोन वह्यांचा ताळा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस भाषणाची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाने संतवाङ्मयावर किंवा मुलांच्या वळणावर चार शब्द बोलावेत, अशी अनेकांची अपेक्षा असणार. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे आणि त्यापुढे अध्यापनाच्या पदविकेचे. यंत्रविद्येचा आम्हांस अधिकार नाही. तरीही आज आम्ही जो विषय घेतला आहे तो संस्थेच्या नोंदींचा आहे. सभासदांच्या संपर्काची संगणकीय वही आणि ‘क्लाऊड’वरील माहितीसाठा या दोहोंत मजकूर आपोआप कसा न्यावा, हा तो विषय. तो रुक्ष वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु ज्या प्रसंगामुळे आम्ही त्यात ओढले गेलो, तो रुक्ष नव्हता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या एका सभासदाच्या पत्नी कार्यालयात आल्या. यजमान जाऊन पाच महिने झाले होते, आणि त्यांच्याच नावे संस्थेचे पत्र घरी पोचले होते : ‘आपली वार्षिक वर्गणी थकली आहे, ती त्वरित भरावी.’ बाई रागावलेल्या नव्हत्या. पत्र टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “गुरुजी, ह्यांचे नाव तुमच्या वहीत अजून आहे, याचे मला वाईट वाटले नाही. पण वर्गणी ह्यांच्याकडेच मागितलीत. आता ती मी कोणाच्या नावाने भरू?” चाळीस वर्षे वर्गात प्रश्न विचारण्याचा आमचा व्यवसाय, त्या दिवशी उत्तर आमच्यापाशी नव्हते.

शोध घेता असे दिसले की, निधनाची वार्ता आली त्याच दिवशी लिपिकाने नोंद केली होती. चूक त्याची नव्हती. नोंद एका वहीत झाली आणि पत्रे दुसऱ्या वहीवरून निघाली.

आता या दोन वह्या कोणत्या, ते सांगितले पाहिजे. पहिलीस ‘सी. आर. एम.’ म्हणतात, म्हणजे ग्राहक-संबंध सांभाळणारी प्रणाली. (आपल्या एका ज्येष्ठ सभासदाने हे नाव ऐकताच विचारले की, आम्ही संस्थेचे ग्राहक केव्हापासून झालो? प्रश्न रास्त आहे.) मूळ ही व्यापाऱ्यांची सोय. कोणत्या गिऱ्हाइकाशी कोण, केव्हा, काय बोलले, याची नोंद दुकानातील सर्वांस दिसावी, हा तिचा हेतू. ती इंटरनेटवरून भाड्याने वापरावयास देण्याची रीत रूढ करण्यात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे १९९९ साली निघालेल्या ‘सेल्सफोर्स’चा मोठा वाटा आहे, आपल्या देशात ‘झोहो’ने २००५ पासून तशीच प्रणाली दिली. व्यापाऱ्यांपाठोपाठ शाळा, रुग्णालये आणि आपल्यासारख्या संस्थाही त्यांत नावे-पत्ते ठेवू लागल्या. आपल्याकडे सभासदांचे पत्ते, दूरध्वनी आणि पत्रव्यवहार या वहीत असतात.

दुसरी वही म्हणजे क्लाऊडवरील माहितीसाठा. क्लाऊड हा शब्द मेघाचा असला तरी हा साठा आकाशात नसतो. तो दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या यंत्रांवर, भाड्याच्या जागेत असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आपल्या पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत अशी केंद्रे सुरू केली आहेत. त्या साठ्यातील मांडणी मात्र आपल्या ओळखीची आहे : आडव्या ओळी, उभे रकाने. १९७० साली आय. बी. एम.मधील एडगर कॉड या गणितज्ञाने या तक्त्यांचे शास्त्र मांडले, आणि आजही बहुतेक व्यवहार त्यावर चालतात. शिष्यवृत्ती, मदतनिधी, वर्गणीचा हिशेब आणि शाखांच्या जुन्या नोंदवह्यांतून उतरवून घेतलेली माहिती या दुसऱ्या वहीत आहे.

एकच वही का नाही, असे कोणीही विचारील. आमच्या वडिलांच्या दुकानात रोजकीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी असे. दिवसभराचे व्यवहार जसे घडतील तसे रोजकीर्दीत पडत, आणि रात्री दिव्यापाशी बसून ते ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढविले जात. दोन्ही वह्यांचे काम भिन्न, म्हणून दोन्ही लागत. खतविणे एक दिवस राहिले की घोळ सुरू होई, आणि वडील त्या दिवशी जेवावयास बसत नसत. आपल्या संस्थेत हे खतविणे महिन्यातून एकदा, शेवटच्या शनिवारी, हाताने होत असे. लिपिक पहिल्या वहीतून सर्व नोंदींची एक फाइल उतरवून घेई, ती एक्सेलमध्ये उघडून नीटनेटकी करी आणि दुसऱ्या वहीत चढवी.

या नीटनेटकेपणानेच पुष्कळ घात केला. एक्सेल हे आकडेमोडीचे साधन. त्यास जे जे अंकी दिसते ते ते तो संख्या समजतो. पुण्याचा ०२० हा दूरध्वनीचा उपसर्ग त्याने २० केला, कारण संख्येच्या आरंभीच्या शून्यास अर्थ नाही, हे आम्हीच मुलांना शिकवीत आलो. तो पंधरा अंकांपर्यंतच अचूकता राखतो. सोळा किंवा अधिक अंकांचा बँकेचा खातेक्रमांक आला की पंधराव्यापुढील अंकांच्या जागी शून्ये बसतात, आणि तो तक्रारही करीत नाही. तारखांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होई. देवनागरी नावे चुकीच्या रीतीने साठविली की त्यांची प्रश्नचिन्हे होत. आणि सर्वांत गंभीर गोष्ट अशी की, फाइलीत असलेल्या नोंदीच तेवढ्या पलीकडे पोचत. पहिल्या वहीतून नाव काढले की ते फाइलीत येतच नसे; मग दुसऱ्या वहीस ते काढावयाचे आहे, हे कळणार कसे? जे नाही, त्याचा निरोप कोण देणार? त्या बाईंच्या यजमानांचे नाव असे मागे राहिले होते.

त्यानंतर मंडळाने आम्हांस एका छोट्या समितीचे काम दिले. यंत्राचे ज्ञान आमच्यापाशी नव्हते. ते आपल्याच एका कुटुंबातील कन्येपाशी होते. ती पुण्यास संगणक अभियंता आहे, आणि तिसरीत आमच्याच वर्गात होती. सुट्टीच्या दिवशी ती येई, मोबदला घेत नसे, आणि आमच्या प्रत्येक सूचनेवर “गुरुजी, पण असे झाले तर?” म्हणून विचारी. तिसरीतही तिची ही खोड होती.

तिचा पहिला प्रश्न होता : दोन्ही वह्यांतला माणूस एकच, हे यंत्रास कशावरून कळावे? आम्ही म्हणालो, नावावरून. तिने लगेच आपल्याच यादीतील एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे आणि एकाच आडनावाचे दोन सभासद दाखविले. ते चुलत चुलतभाऊ निघाले. विवाहानंतर मुलींची नावे बदलतात, काहींची बदलत नाहीत. लक्ष्मी हे नाव रोमन लिपीत कोणी ‘एक्स’ घालून लिहितो, कोणी ‘के-एस-एच’ घालून. हे सारे आम्हांस समजण्यासारखे होते. परंतु पुढे जे तिने दाखविले, त्याने आम्ही थक्क झालो. ‘कऱ्हाड’ हा शब्द एका ओळीत होता, तोच दुसऱ्या ओळीत होता. आमच्या डोळ्यांस केसाचाही फरक दिसेना, आणि यंत्र म्हणत होते की हे दोन शब्द भिन्न आहेत! कारण असे की, आपल्या मराठीतील हा अर्धा, पापणीसारखा र संगणकावर दोन रीतींनी टंकिता येतो. एका रीतीत त्याच्यासाठी ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेतात, दुसऱ्या रीतीत साध्या र ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. कागदावर आकृती एकच, पोटात अंक वेगळे. साऱ्या जगाच्या लिप्यांस अंक देणाऱ्या युनिकोडच्या व्यवस्थेत या दोन्ही रीती ग्राह्य आहेत. शुद्धलेखनाचे गुण कापण्यात आयुष्य घालविलेल्या आम्हांस हा धडा उतारवयात मिळाला.

म्हणून प्रत्येक सभासदास एक क्रमांक दिला आणि तोच दोन्ही वह्यांत ओळख ठरविला. नाव बदलो, गाव बदलो, क्रमांक बदलावयाचा नाही; आणि एखादे सभासद दिवंगत झाले तरी त्यांचा क्रमांक दुसऱ्यास द्यावयाचा नाही. क्रमांकाचा शेवटचा अंक ताळ्याचा आहे. आधीच्या अंकांवरून तो निघतो, त्यामुळे लिहिताना एखादा अंक चुकला की यंत्र तेथेच अडविते. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही असाच असतो. काही सभासदांनी आपणांस ‘नंबर’ दिला म्हणून नाराजी दर्शविली आहे. त्यांची भावना आम्ही जाणतो. परंतु एका चुलतभावाची वर्गणी दुसऱ्याच्या खाती पडणे अधिक वाईट.

बदल पलीकडे कसा जातो, ते थोडक्यात सांगतो. दोन रीती आहेत. एकीत यंत्र ठराविक वेळी फेरी मारते आणि विचारते, ‘मागच्या फेरीनंतर काय बदलले?’ दुसरीत बदल होताच पहिली वही स्वतः निरोप धाडते. तीस ‘वेबहुक’ म्हणतात. निरोप त्वरित जातो, पण पलीकडचे दार त्या क्षणी बंद असेल तर तो हरवूही शकतो. यास्तव आपण दोन्ही ठेवल्या आहेत : दिवसा निरोप, आणि रात्री एक वाजता फेरी.

या फेरीनेही एक गंमत केली. पहिल्या काही आठवड्यांत फक्त अमेरिकेतील सभासदांची गाऱ्हाणी येऊ लागली की, आम्ही संकेतस्थळावर पत्ता बदलला, तो बदललाच नाही. पुण्याचा बदल पोचतो आणि न्यू जर्सीचा पोचत नाही, हे कोडे आम्हांस सुटेना. अखेर त्या मुलीने घड्याळाकडे बोट दाखविले. वहीतील वेळा ग्रीनिचच्या काळाप्रमाणे पडत होत्या, आणि फेरीची खूण आपल्या भारतीय वेळेप्रमाणे. दोहोंत साडेपाच तासांचे अंतर. त्यामुळे रात्री एकपासून पहाटे साडेसहापर्यंत झालेला प्रत्येक बदल फेरीच्या दृष्टीआड राही. त्या वेळी आपण झोपेत असतो. न्यू जर्सीस मात्र तेव्हा तिसरा प्रहर आणि संध्याकाळ असते, आणि माणसे नेमकी त्याच वेळी असली कामे उरकतात. (दिवसाचे निरोप का पोचले नाहीत, असे कोणी विचारील, संकेतस्थळावरून आलेल्या अर्जांस निरोपाची सोय तेव्हा जोडलेलीच नव्हती.) आता दोन्ही घड्याळे ग्रीनिचची आहेत.

तोच निरोप दोनदा पोचला तर काय, हाही प्रश्न होताच. पोच न मिळाल्यास यंत्र निरोप पुन्हा धाडते. पहिला पोचला असेल आणि पोचच वाटेत हरवली असेल तर देणगी दोनदा जमा व्हावयाची. म्हणून प्रत्येक निरोपास स्वतःचा क्रमांक आहे, आणि पाहिलेला क्रमांक पुन्हा आला तर पलीकडची वही तो केवळ बाजूला ठेवते. क्रमांक असलेला सभासद आढळला तर नोंद सुधारावयाची, न आढळल्यास नवी घालावयाची, असा नियम आहे. आणि नाव पुसावयाचे नाही. निधनाची वार्ता आली की नोंदीपुढे ‘दिवंगत’ अशी खूण पडते. खूण ही नोंद असल्यामुळे ती पलीकडे पोचते, आणि त्या नावे पत्र निघत नाही.

आता आमच्या स्वतःच्या चुकीविषयी. दोन वह्यांत एकाच गोष्टीविषयी भिन्न मजकूर असेल तर खरा कोणता मानावा, असे त्या मुलीने विचारले होते. आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “नवे तेच खरे.” तिने “गुरुजी, पण...” म्हणून सुरुवात केली होती, आम्ही तिला पुढे बोलू दिले नाही. समितीच्या इतिवृत्तात तो ठराव आमच्या नावे आहे.

तीन महिन्यांनी शिष्यवृत्तीचे हप्ते निघाले. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील एका मुलाची रक्कम बँकेतून परत आली. त्याचे जुने खाते बंद होते, आणि नवीन खात्याचा क्रमांक शिष्यवृत्ती समितीने त्याच्याकडून घेऊन आपल्या वहीत लिहिलाही होता. मग तो गेला कोठे? एका शाखेत सहा महिन्यांपूर्वी भरलेल्या अर्जांचा गठ्ठा पडून होता. एका उत्साही कार्यकर्त्याने तो एका रविवारी बसून पहिल्या वहीत चढविला. अर्ज जुने, पण नोंदीची तारीख त्या रविवारची! यंत्राने आमचा ठराव तंतोतंत पाळला : नवे ते खरे मानले, आणि खरा क्रमांक पुसून जुना बसविला. शुल्काची मुदत त्या आठवड्यात संपत होती. मुलाच्या वडिलांनी कोणापुढे हात पसरला, ते त्यांनी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. आम्ही त्यांच्या घरी गेलो, चूक आमची होती असे मुलासमोरच सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी रक्कम त्याच्या खाती गेली. मुलाने चहा आणून दिला आणि म्हणाला, “असू द्या, गुरुजी.” ते शब्द आम्हांस बोलण्यापेक्षा जड गेले.

लिहिण्याची वेळ आणि घडण्याची वेळ एक नव्हे, इतकी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. आता प्रत्येक रकान्याचा धनी ठरलेला आहे. पत्ता आणि दूरध्वनी यांविषयी पहिल्या वहीचा शब्द अखेरचा. खातेक्रमांक आणि मंजूर रक्कम यांविषयी शिष्यवृत्तीच्या वहीचा. खातेक्रमांक तर पहिल्या वहीत जातच नाही. पुष्कळसा मजकूर आता एकाच दिशेने वाहतो. दोन्ही दिशांनी वाहू दिला की अ ने ब ला सांगावे, ब ने तेच बदल म्हणून पुन्हा अ ला सांगावे, असा प्रतिध्वनी रात्रभर चालतो. तोही आम्ही एकदा पाहिला आहे.

येथे एका वादाचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण तो अद्याप पूर्ण मिटलेला नाही. एवढे सारे आपोआप जाते, तर मदतनिधीचे अर्जही पहिल्या वहीत जावेत, म्हणजे प्रत्येक कुटुंबाची माहिती एका दृष्टिक्षेपात दिसेल, अशी सूचना मंडळात आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू सोयीचा होता, याविषयी आम्हांस संशय नाही. परंतु त्या अर्जांत काय असते, ते आपण आठवावे. कोणाच्या घरी क्षय आहे, कोणाच्या मुलीस फिट येतात, कोणाच्या मुलावर मनोविकाराचे उपचार चालू आहेत, हे लोकांनी रुपयांच्या गरजेपोटी विश्वासाने लिहिलेले असते. आणि पहिली वही कोण उघडतो? शाखांचे कार्यकर्ते उघडतात. वधूवर सूचक मंडळाचे कार्यकर्तेही उघडतात. लहानशा ज्ञातीत एक शब्द एका ओटीवरून दुसऱ्या ओटीवर जावयास किती वेळ लागतो, हे आम्ही सांगावयास नको. वहीतून वहीत तो मजकूर एका निमिषात जाईल, आणि एखाद्या मुलीचे लग्न मोडल्यावर तो परत बोलावता येणार नाही.

कायदाही आता हेच सांगतो. २०२३ साली आपल्या संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. माणसाने ज्या कारणासाठी माहिती दिली त्या कारणापुरतीच ती वापरावी, हे त्याचे सूत्र आहे. आम्ही मात्र कायद्याचा धाक घातला नाही. आम्ही एवढेच म्हणालो की, हा नियम झाला तर पुढील वर्षी मदतनिधीकडे अर्ज येणार नाहीत, आणि दुखणी घराघरांत लपून राहतील. बहुमताने सूचना तूर्त बाजूला ठेवली आहे. दोन सभासद आजही आमच्याशी असहमत आहेत, आणि त्यांचा आम्ही आदर करतो. दोन वह्यांना जोडणाऱ्या गुप्त किल्ल्या आता तिघांपाशीच आहेत, आणि त्यांतला एक कार्यातून निवृत्त झाला की किल्ली बदलावयाची असा ठराव आहे.

आता खर्च. प्रणालीचे भाडे संस्था पूर्वीही भरीत होती. पहिली वही दिवसाकाठी ठराविक संख्येपर्यंतच प्रश्न विचारू देते, त्याहून अधिक विचारल्यास दार लावून घेते. म्हणून यंत्र बदललेल्याच नोंदी मागते. जी नोंद कोणत्याही कारणाने चढत नाही ती वेगळ्या पेटीत पडते, आणि ती पेटी रोज सकाळी माणसाने उघडावयाची असते. गेले वर्षभर ती आम्ही उघडत आहो. पहिल्या महिन्यात तिच्यात रोज पंधरा-वीस नोंदी असत. हल्ली कित्येक दिवस ती रिकामी असते, आणि खरे सांगावयाचे तर रिकामी पेटी पाहून आम्हांस किंचित चुकल्यासारखे होते.

शेवटी ताळा. शाळेत गुणाकार झाला की आम्ही मुलांस ताळा पाहावयास लावीत असू. रोज पहाटे यंत्र दोन्ही वह्यांतील सभासदांची संख्या, शाखावार संख्या आणि वर्गणीची बेरीज ताडून पाहते, आणि फरक असल्यास आम्हांस संदेश येतो. काल पहाटे तीनांचा फरक होता. एक बडोदे शाखेचा अर्ज अर्धवट भरलेला होता. तो काल दुपारी पुरा झाला. दुसऱ्या प्रकरणात एका भगिनीची माहेरच्या आणि सासरच्या नावाने अशी दोनदा नोंद होती. त्यांना विचारून एक ठेवली. तिसऱ्या नोंदीतील सभासदांचा दूरध्वनी लागत नाही आणि पत्र परत आले आहे. ते पूर्वी मडगावास राहत असत. त्यांचे नाव दाराजवळच्या टेबलावरील कागदात आहे. त्याच टेबलावर प्रत्येक कुटुंबाच्या नोंदीची छापील प्रत ठेविली आहे. भोजनास जाण्यापूर्वी आपापली प्रत पाहून चूक असेल तेथे लाल पेन्सिलीने खूण करावी, आणि मडगावच्या त्या गृहस्थांची खबर कोणास असल्यास आम्हांस सांगावी. आम्ही टेबलापाशीच बसलो आहो.